पट मोजण्याआधी शाळा पाहा

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगभर गाजली. 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांपैकी लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिने पटकावला. काही वर्षांपूर्वी याच शाळेच्या पटावर अवघी तीन मुले होती. मुख्याध्यापक दत्तात्रय वारे रुजू झाले, गावकरी आणि पालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि पट शंभरावर गेला. 'विषयमित्र' ही तिथली पद्धत. ज्याला भागाकार पक्का जमला, तो इयत्ता न बघता दुसऱ्याला शिकवतो. वारे यांनी याआधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीतही हेच घडवले होते. तिथे गावकऱ्यांनी शाळेला जमीन दिली, काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या आणि प्रवेशासाठी लांबलांबचे पालक येऊ लागले.

पण तीन पटाच्या शाळेबद्दल शासनाचे धोरण काय सांगते?

२०२३ मध्ये विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळां'त एकत्रीकरण करण्याचा प्रस्ताव पुढे आणला. अशा शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजारांवर. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले. त्या यादीच्या हिशेबाने जुनी जालिंदरनगर शाळा सगळ्यात आधी बंद झाली असती. कमी पट हे बहुतेकदा शाळेच्या दुरवस्थेचे फलित असते. विभाग मात्र त्यालाच शाळा मोडण्याचे कारण ठरवतो.

वाडीवरच्या अशा एखाद्या शाळेत सकाळी जाऊन बसावे. चार इयत्ता एकाच खोलीत. पहिलीची मुले पाटीवर अक्षरे गिरवतात, तिसरीची हातच्याची वजाबाकी अर्ध्यावर अडते आणि गुरुजी पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहितात: तेरा मुले, प्रत्येकी १०० ग्रॅम, एकूण १ किलो ३०० ग्रॅम. तो पुरा होतो तोच केंद्रप्रमुखांचा फोन येतो, ऑनलाइन माहिती आजच भरून हवी. दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामावर गेलेले असतात. वजाबाकी तशीच राहते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. तरीही शिक्षकाचा किती वेळ फळ्यापाशी जातो आणि किती मोबाइलवर, हे एकदा विभागाने स्वतः मोजावे.

सुविधांची गोष्ट याहून जुनी. हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण आणि अपंग मुलांना विनाअडथळा ये-जा करता येईल अशी सोय, हे सगळे तीन वर्षांत पुरे करायचे होते. ती मुदत २०१३ मध्येच संपली. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला मिळणारे संयुक्त अनुदान १० हजार रुपये. त्यातच वीजबिल, खडू, नळदुरुस्ती आणि स्वच्छता. स्वच्छतागृहाला दार नसेल, तर पाचवीतली मुलगी दुपारपर्यंत पाणी पिणे टाळते, आणि तिचा अभ्यास तिथेच मार खातो.

शाळा दूर गेली की काय होते, हे डोंगरातल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना विचारावे. ओढा ओलांडून, एसटीच्या भरवशावर सहा वर्षांचे मूल जात नाही. मग ते घरीच राहते, आणि मोठी बहीण त्याला सांभाळायला थांबते.

म्हणून मागणी ठरावीक आहे. पट कितीही कमी असला तरी दोन कायम शिक्षक द्यावेत; कायद्यानेही ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेच आहेत. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी शाळा-केंद्राच्या पातळीवर वेगळा कर्मचारी नेमावा. एकत्रीकरणाचा कोणताही निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये. आणि त्याआधी त्या शाळेला पूर्ण शिक्षक, धड खोल्या व पाणी देऊन तीन वर्षे थांबावे. पटाचा हिशेब त्यानंतर मांडावा.