परसबाग : कुंडीतील भूत जोलोकिया

वाचकहो, ज्यांच्या ताटात ठेचा नित्य असतो, त्यांना लवंगी मिरचीचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. तथापि तिचा गर्व उतरविणारी एक मिरची आपल्याच देशाच्या ईशान्य भागात पिकते. आसामात तिला भूत जोलोकिया, नागालँडात राजा मिर्चा आणि मणिपुरात उमोरोक म्हणतात. स्कोव्हिल मापावर तिचा तिखटपणा दहा लाखांच्या वर भरला आणि २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस विक्रमग्रंथात तिची नोंद झाली. पुढे तो मान इतर वाणांकडे गेला, परंतु तिचा सुगंध तिच्यापाशीच राहिला.

दमट डोंगराळ माहेराची ही लेक दिल्लीच्या कोरड्या हवेत नांदेल काय, अशी शंका मलाही होती. प्रथम मी धुरावर वाळविलेल्या मिरचीतील बी पेरले; ते उगवले नाही. मग ताज्या, पिकलेल्या फळाचे बी मिळवून फेब्रुवारीत पेरले. अठरा दिवस वाट पाहिली आणि कंटाळून ती माती तुळशीच्या कुंडीत ओतली. आठवड्याने पाहतो तो तुळशीच्या पायथ्याशी दोन कोवळे अंकुर! दोष बियाचा नव्हता, माझ्या उतावळेपणाचा होता.

म्हणून आपण माती टाकण्याची घाई करू नये. साध्या मिरचीचे बी आठ-दहा दिवसांत उगवते; हिला तीन-चार आठवडे, क्वचित अधिकही लागतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. माती, शेणखत व वाळू समभाग घेऊन त्यात अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. उबेची तिला फार गरज. म्हणून भांडे स्वयंपाकघरात उबदार जागी ठेवावे. माती ओलसर असावी, चिखल नको. चार-सहा पाने फुटताच रोप बारा इंची कुंडीत लावावे.

खरी कसोटी मे-जूनच्या लूमध्ये लागते. सकाळचे ऊन द्यावे व दुपारी गोणपाटाची सावली करावी. या दिवसांत फुले गळतात, पण तो रोग नव्हे. अतिउष्णतेत फळधारणा होत नाही, एवढेच. अशा वेळी खताचा मारा करू नये. पाने आक्रसून बोकड्या दिसू लागल्यास निंबोळी अर्क फवारावा. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नये. हवा निवळली, की सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरकुतलेल्या सालीची फळे धरतात आणि हिरव्याची लाल होतात.

आता एक कळकळीची सूचना. तिखटपणाचे आगर बियांत नसून त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असते. फळ हातमोजे घालूनच चिरावे आणि कुंडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. हाताची आग पाण्याने शमत नाही, कारण तिखट द्रव्य तेलात विरघळते. आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत. तोंड पोळल्यास दूध वा दही घ्यावे.

एका फळाची चतकोर फोड घरभराच्या लोणच्यास पुरते. ते चाखताना आठ महिन्यांची प्रतीक्षा सार्थकी लागल्याचे समाधान आपणांसही लाभो!