गिरणगावाचा वाटा

मुंबईतील लालबाग, परळ, वरळी हा परिसर एके काळी गिरणगाव म्हणून ओळखला जाई. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे कोकणातून व घाटावरून आलेल्या लाखो हातांनी या उद्योगाला बरकत आणली. भोंग्याबरोबर चाळी जाग्या होत आणि खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया एकट्या कामगारांना जेवू घालीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. जमिनीचे मोल मात्र वाढतच राहिले. १९९१ च्या नियमाने या जमिनीचे साधारणतः तीन वाटे ठरविले होते : एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. साहजिकच मैदाने व घरे यांचा वाटा आक्रसला.

आज तेथे उत्तुंग मनोरे व आलिशान दुकाने उभी आहेत. शहराने कूस बदलावी, यात वावगे काही नाही. नव्या व्यवसायांनी अनेकांना रोजगारही दिला आहे. परंतु ज्यांच्या श्रमांनी त्या भूमीला वैभव आले, त्यांच्या मुलांना तेथे राहणे परवडू नये, हा अन्यायच होय. गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या, तरी कित्येक वारस अद्याप प्रतीक्षेत आहेत. जुनी धुराडी शोभेसाठी जतन करणाऱ्या नगराने त्या धुराड्यांखाली राबलेल्यांसाठी छप्परही राखले पाहिजे.