शंभर वर्षांनी तरी उघडा

इंग्लंड सोडून कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या कुटुंबाची आजची पिढी आपले मूळ शोधू लागली, की तिच्या हाती दोन भक्कम साधने असतात. पहिले, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. दुसरे, दर दहा वर्षांच्या शिरगणतीचे घरोघर भरलेले कागद. १८४१ पासून त्यांत माणसांची नावे मिळतात. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्मगावही मिळते. शेतमजूर, मोलकरीण, गिरणीत राबणारे पोर, सगळे त्यात असतात. शंभर वर्षे उलटली की हे कागद लोकांना खुले होतात. १९२१ सालचे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले.

पुण्यातही इंग्रजांनी स्वतःपुरती हीच शिस्त पाळली. लष्कर भागात १८२५ साली सेंट मेरी चर्च उभे राहिले. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला रवाना होत. १७०९ पासूनच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत. पुण्याच्या छावणीत जन्मलेल्या गोऱ्या शिपायाच्या मुलाचा माग त्याच्या खापरपणतूला त्यामुळे लागू शकतो.

त्याच काळात मुठेकाठी, नारायण पेठेत जन्मलेल्या मुलाचा माग कसा काढायचा? काही घराण्यांकडे जन्मपत्रिका आहेत, मोडीतली दप्तरे आहेत, छापील कुलवृत्तांत आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली आहेत. हे धन मोठे आहे आणि ते ज्यांनी कष्टाने जपले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. कुलवृत्तांत मोजक्या घराण्यांचे निघाले, आणि त्यांतही लेकीची शाखा बहुधा लग्नापाशीच थांबते.

टिळकांनी १९०५ साली गायकवाड वाडा घेतला, हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. पण ‘केसरी’चे खिळे जुळवणारे जुळारी कोण होते? ते कोकणातून आले की मावळातून? त्यांच्या घरात माणसे किती होती, बायकांची नावे काय होती? पेठेतल्या वाड्यांत पाणी भरणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची, एका खोलीत बिऱ्हाड थाटणाऱ्यांची नावे काय? त्यांच्या पणतवंडांनी हे कोणाला विचारावे? वाड्याच्या मालकाचा वंशवृक्ष भिंतीवर लागतो. भाडेकरूच्या घराण्याची आठवण आजोबांपाशी संपते.

ही उणीव भरून काढू शकेल अशी गोष्ट एकच होती, ती म्हणजे जनगणना. आपल्याकडे १८७२ पासून ती सुरू झाली आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत राहिली. गणक पेठेपेठेत, घराघरांत गेले. पण आज अभ्यासकाला मिळतात ते तक्ते आणि अहवाल. माणूस मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम गणकाने भरलेले कागद पाहण्याचा हक्क कोणालाही देत नाही, आणि या बंदीला मुदतही नाही.

जुन्या नोंदीचे मोल काय असते, हे सरकारने स्वतः अनुभवले आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी शाळांची रजिस्टरे आणि कोतवाल बुके धुंडाळावी लागली, मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. एका पूर्वजाच्या एका ओळीसाठी हजारो कुटुंबे कचेऱ्यांच्या दारात उभी राहिली.

२०२७ ची जनगणना देशात प्रथमच डिजिटल पद्धतीने होत आहे. आमची मागणी साधी आहे: व्यक्तिवार माहिती कायमची जपली जाईल आणि शंभर वर्षांनी खुली होईल, अशी दुरुस्ती कायद्यात करा. जिवंत माणसाची माहिती गुप्तच राहिली पाहिजे; करवसुली करणाऱ्याला वा पोलिसाला तिचा स्पर्शही होता कामा नये. गुप्ततेच्या हमीवरच लोक खरे सांगतात. जातीसारखा रकाना आणखी काही काळ झाकून ठेवणे योग्य वाटत असेल, तर तसेही ठरवावे. मात्र कायमचे कुलूप हा गुप्ततेचा अतिरेक आहे.

कायदा बदलेपर्यंत वाचकांनी थांबू नये. घरातील मोडी कागद रद्दीत जाण्याआधी जाणकाराला दाखवा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची छायाचित्रे त्यांच्या संमतीने घ्या. घरातील वडीलधाऱ्यांना बसवून नावे, गावे, साले लिहून काढा. आज्या-पणज्यांची माहेरची नावे आधी विचारा, कारण ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नसण्याचीच शक्यता अधिक आहे.