पी हळद, हो गोरी! इंजेक्टर आणि अश्वशक्तीचा भ्रम

१/ 'मोठे इंजेक्टर बसवा, ट्यूनिंग करून घ्या, गाडीची ताकद वाढलीच म्हणून समजा.' हे वाक्य हल्ली मंत्रासारखे जपले जाते. त्याला इतिहासाचा दाखलाही जोडतात: जर्मनांकडे इंजेक्शन होते म्हणून त्यांची इंजिने श्रेष्ठ, ब्रिटिश कार्बुरेटरला चिकटून राहिले म्हणून मागासलेले. हा दाखला अर्धसत्य आहे, आणि त्यावर उभारलेला सल्ला त्याहून घातक. #थ्रेड

२/ आधी पूर्वपक्ष. १९४०, ब्रिटनची लढाई. मेसरश्मिट १०९च्या डाइमलर-बेंझ डीबी ६०१ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. स्पिटफायर व हरिकेन यांच्या रोल्स-रॉइस मर्लिनमध्ये मात्र फ्लोटचा कार्बुरेटर होता. विमानाचे नाक झटक्यात खाली गेले की त्यातले पेट्रोल वर उसळे. इंजिन क्षणभर उपाशी राही आणि मग अतिरिक्त पेट्रोलाने गुदमरे.

३/ जर्मन वैमानिक सरळ सूर मारून निसटे. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटे करावे लागे. हा फरक जीवनमरणाचा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण हा फरक सुरात इंजिन अखंड चालण्याचा आहे. त्यावरून अश्वशक्तीचा निष्कर्ष काढणारे येथेच घसरतात.

४/ आकडे पाहावेत. डीबी ६०१ए: ३३.९ लिटर, सुमारे १,१०० अश्वशक्ती. मर्लिन ३: २७ लिटर, सुमारे १,०३०. म्हणजे दर लिटरमागे इंजेक्शनवाल्या इंजिनाची ३२, तर 'मागासलेल्या' कार्बुरेटरवाल्याची ३८. इंजेक्टर हाच शक्तीचा उगम असता, तर हा हिशेब उलटा निघाला असता.

५/ पुढचा पुरावा अधिक बोलका आहे. १९४० मध्येच ब्रिटिश लढाऊ विमानांना ८७ऐवजी १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले. त्यामुळे सुपरचार्जरचा जादा दाब दर चौरस इंचाला सुमारे ६ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेता आला, आणि कमी उंचीवर मर्लिन सुमारे १,३०० अश्वशक्ती देऊ लागले. इंजिन तेच, कार्बुरेटरही तोच.

६/ कारण साधे आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सिलिंडरमध्ये जेवढी हवा, तेवढेच पेट्रोल कामाचे. बाकीचे धुराड्यातून वाया. हवा कोंबण्याची मर्यादा नॉकिंग ठरवते: मिश्रण ठिणगीच्या आधीन न राहता आपोआप पेटू लागले की पिस्टनचा नाश ठरलेला. उत्तम पेट्रोलाने ती मर्यादा पुढे सरकवली, एवढेच.

७/ कार्बुरेटर हा निव्वळ हट्टही नव्हता. मर्लिनमध्ये पेट्रोल सुपरचार्जरच्या आधी हवेत मिसळे. त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होई, म्हणून दाट होई. स्टॅन्ली हुकर या मूळच्या गणितज्ञाने सुपरचार्जरचे गणित नव्याने मांडले. १९४२ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आला आणि महायुद्धाच्या अखेरीस त्याच २७ लिटरच्या मर्लिनने २,००० अश्वशक्ती ओलांडली.

८/ सुरातला दोष कोणी आवरला? फार्नबरोच्या संशोधन केंद्रातील अभियंत्या बिॲट्रिस शिलिंग यांनी. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकल ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने पळवलेली ही बाई. १९४१ मध्ये त्यांनी काय बसवले? इंधनाच्या वाटेत मोजून पाडलेल्या छिद्राचा एक छोटासा धातूचा तुकडा.

९/ त्या छिद्रातून पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल जाई, त्याहून अधिक नाही. गुदमरणे थांबले. दोष समूळ गेला नाही. तो पुढच्या वर्षांत नव्या दाब-कार्बुरेटरने गेला. पण ऐन युद्धात विमाने कारखान्यात परत न पाठवता, तळातळांवर जाऊन हा तुकडा बसवता आला. इंधनपुरवठ्यातली ही गाजलेली सुधारणा इंधनाला लगाम घालणारी होती, हे मोठ्या इंजेक्टरच्या भक्तांनी ध्यानी घ्यावे.

१०/ 'मग मर्सिडीज ३०० एसएलचे काय?' हा हुकमी प्रश्न. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला झळकलेली ही मोटार थेट इंजेक्शनसाठी प्रसिद्ध आहे. त्याच ३ लिटर घराण्यातल्या सलूनची ताकद ११५, हिची २१५. पण मधला दुवा सोयीने गाळला जातो: १९५२ ची शर्यतीची ३०० एसएल तीन कार्बुरेटरांवरच सुमारे १७० देत होती.

११/ म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ इंजेक्शन येण्यापूर्वीच पदरात पडली होती. उरलेल्या वाढीतही इंजेक्शन एकटे नव्हते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागल्याने प्रवेशनळ्या केवळ हवेसाठी, हव्या तशा लांब घडवता आल्या. इंजेक्टरचे खरे उपकार हे: त्याने हवेची वाट मोकळी केली.

१२/ त्याची किंमतही होती. इंजिन बंद केल्यावर ते थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल फवारतच राही. ते सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन खाली उतरे आणि इंजिन ऑइल पातळ करी. नको तेथे पडलेले पेट्रोल शक्ती देत नाही. ते इंजिन झिजवते.

१३/ आजच्या गाडीतही नियम तोच. केवळ मोठे इंजेक्टर बसवले तर मिश्रणात पेट्रोल वाढते. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ कमी करतो. जेथे ही दुरुस्ती अपुरी पडते तेथे प्लग काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. खर्च झाला, धूर वाढला, अश्वशक्ती जागच्या जागी.

१४/ 'पण रीमॅप केल्यावर टर्बो गाडी पळते!' पळते, कारण रीमॅप बहुधा टर्बोचा दाब वाढवतो, म्हणजे पुन्हा हवाच. अशा वेळी मूळ इंजेक्टर अपुरे पडले तर पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळू शकतो. तेथे मोठे इंजेक्टर अपरिहार्यच. मात्र वाढलेल्या हवेमागून ते येतात. आणि उन्हाळा, हलके पेट्रोल, चढण यांसाठी कंपनीने राखलेली शिल्लक या ट्यूनिंगमध्ये खर्ची पडते, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

१५/ एका भागाला नायक केले की गोष्ट रंगते, पण इतिहास खोटा होतो. मर्लिनच्या यशात तेलशुद्धीचे रसायन होते, हुकरचे गणित होते, शिलिंगबाईंचे छिद्र होते. यांतले काहीच चटकदार जाहिरातीत मावत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'पी हळद, हो गोरी' कधी घडलेले नाही. गॅरेजातही घडणार नाही.

(समाप्त)