रंगाचे मुद्दल आणि लेपाचा पहारा

वस्तू घेताना पारख करावी आणि घेतल्यावर ती जपावी, हे व्यापारी घराला वेगळे सांगावे लागत नाही. तथापि दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या बाबतीत याच घरांत अनेकदा मायेपोटी नुकसान होत असते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली जाते. रात्रभर साचलेल्या धुळीत वाळूचे बारीक, धारदार कण असतात आणि फडक्याखाली ते रंगावर घासले जातात. वर्षभराने गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार ओरखडे चमकू लागतात. मग कोणीतरी ‘सिरॅमिक कोटिंग’ करून घेण्याचा सल्ला देतो. दुकानातून करून घेतल्यास त्यासाठी पंधरा-वीस हजार रुपये आणि प्रसंगी त्याहूनही अधिक मोजावे लागतात. हाच लेप घरी लावण्याची बाटलीही आता बाजारात मिळते. खर्च दुकानातला असो वा घरचा, तो करण्यापूर्वी या लेपाने काय साधते आणि काय साधत नाही, हे जाणून घेणे हिताचे आहे.

मुद्दल कोणते?

मोटारीच्या पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर छटेचा रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर. गाडीची झळाळी या वरच्या थराची असते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. त्याची जाडी बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मोटारीच्या साऱ्या शोभेचे मुद्दल केसाहूनही पातळ असते.

ओरखडे घालवण्यासाठी पॉलिश करतात, तेव्हा ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. हलक्या पॉलिशमध्ये एखादा मायक्रॉन जातो, जोरकस घासणीत त्याहून अधिक. वारंवार पॉलिश करणे म्हणजे मुद्दलातून खर्च करणे होय. थर फार पातळ झाला की उन्हाने त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज राहत नाही. मुद्दलाला हात लावण्याची वेळ क्वचितच यावी, यासाठी त्यावर बसवायचा पहारेकरी म्हणजे सिरॅमिक लेप.

लेपाचे खरे काम

नाव सिरॅमिक असले तरी यात चिनी मातीचा संबंध नाही. सिलिकॉनयुक्त संयुगे द्रावकात विरघळवून बाटलीत भरलेली असतात. लेप लावल्यावर द्रावक उडून जातो, हवेतील आर्द्रतेशी संयुगांची क्रिया होते आणि काचेसारखा कडक, अतिशय पातळ थर क्लिअर कोटला घट्ट धरून बसतो. त्याची जाडी साधारणपणे एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. मेणाचा लेप उन्हाने आणि धुण्याने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो. हा थर नीट लावला आणि सांभाळला तर काही वर्षे टिकू शकतो.

अशा पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते आणि जाताना बरीच धूळ सोबत नेते. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे यांना रंगापर्यंत पोहोचण्यास उशीर लागतो. गाडी धुणे सोपे होते आणि घासण्याची गरज कमी पडते. लेपाचा खरा लाभ हाच आहे.

बाटलीवर ‘९एच’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि विक्रेता त्यावरून ओरखडे पडणारच नाहीत असे सांगतो. हे माप पेन्सिलीच्या कसोटीचे आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली विशिष्ट दाबाने पृष्ठभागावर ओढून ते ठरवतात. खनिजांच्या कठीणपणाचे मोहस् माप वेगळे, आणि त्या मापावर वाळूतील क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर आहे. पेन्सिलीला दाद न देणारा लेप वाळूला दाद देतो. दगड उडून लागणे, दाराची धडक किंवा किल्लीचा ओरखडा यांपासूनही तो वाचवू शकत नाही.

नऊ आणे तयारी

लेप पारदर्शक असल्याने त्याच्याखाली जे असेल ते तसेच दिसत राहते. धूळ राहिली तर धूळ आणि ओरखडे राहिले तर ओरखडे काचेखाली ठेवल्यासारखे जपले जातात. म्हणून सोळा आण्यांतले किमान नऊ आणे श्रम बाटली उघडण्यापूर्वीचे असतात.

प्रथम गाडी सावलीत धुवावी. एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा, म्हणजे काढलेली वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. ब्रेकमधून उडणारी लोखंडाची भुकटी रंगात रुतून बसते. ती विरघळवणारा द्रव फवारला की जांभळे ओघळ दिसतात. तो भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. उरलेली खरखर काढण्यासाठी क्ले बारची मळलेली वडी भरपूर ओल ठेवून हलक्या हाताने फिरवावी. ती जमिनीवर पडली तर टाकून द्यावी, कारण तिला चिकटलेली वाळू रंग खरवडते.

यानंतर ओरखडे दिसत असतील तरच पॉलिश करावे, आणि तेही सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करून. कडा आणि पत्र्याच्या उंच रेषा यांवरचा थर पातळ असतो, म्हणून तेथे यंत्र टेकवू नये. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश मुळीच लावू नये. शेवटी पॉलिशचा तेलकट अंश पुसण्यासाठी लेपासोबत मिळणारा द्रव किंवा पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. तेलाचा अंश राहिला तर लेप रंगाला धरत नाही आणि सारी मेहनत व्यर्थ जाते.

लेप लावताना

३० ते ५० मिलिलिटरची बाटली एका मोटारीला सहसा पुरते. स्पंजाच्या ठोकळ्याला गुंडाळलेल्या मऊ कापडावर थोडे थेंब घ्यावेत. सुमारे दीड-दोन फूट चौरस भागावर आधी आडव्या, मग उभ्या रेषांत ते पसरावेत. थोड्या वेळात त्यावर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी रंग दिसू लागतात. बाटलीवर सांगितलेला वेळ पाळून मायक्रोफायबरच्या कापडाने तो भाग हळुवार पुसून सपाट करावा आणि दुसऱ्या कोऱ्या कापडाने पुन्हा पुसावा. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे. कोठे गडद डाग राहिला असेल तर त्याच क्षणी पुसावा. तो वाळला की पॉलिशनेच निघतो आणि पुन्हा मुद्दलाला हात लागतो. वापरलेली कापडे सुकल्यावर कडक होतात, म्हणून ती पुन्हा गाडीला लावू नयेत.

ऋतूचाही विचार हवा. तापलेल्या पत्र्यावर लेप पसरण्याआधीच सुकतो आणि दमट हवेत तो फार लवकर धरतो. त्यामुळे विदर्भातील उन्हाळा आणि कोकणातील पावसाळा दोन्ही वर्ज्य समजावेत. दिवाळीनंतरचे थंड, कोरडे दिवस सर्वांत सोयीचे. पहिले २४ तास पाणी लागू देऊ नये आणि आठवडाभर शाम्पू टाळावा. अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागावर किमान महिनाभर थांबून आणि रंगाऱ्याला विचारूनच लेप लावावा.

यातील द्रावक ज्वालाग्राही असतात आणि त्यांची वाफ श्वासाला बाधते. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, जवळपास दिवा, उदबत्ती किंवा शेगडी नसावी. नायट्रिलचे हातमोजे आणि वाफ शोषणारा मास्क वापरावा. साधा कापडी मास्क पुरेसा नसतो. लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

पहारेकऱ्याची निगा

लेप लागल्यावर घरात एक समजूत हमखास पसरते की आता पाच वर्षे गाडीकडे पाहायला नको. सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते. बोअरच्या पाण्यातील क्षारांचे डाग लेपावरही उमटतात. धुतल्यावर गाडी उन्हात तशीच वाळू दिली तर ते घट्ट बसतात. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने टिपून काढावी. आणि मुख्य म्हणजे रोजचा कोरडा फडका बंद करावा. सोसायटीत दहा गाड्या एकाच बादलीने पुसणाऱ्या माणसावर यासाठी रागावण्याचे कारण नाही. त्याला दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडे आणून द्यावीत आणि आठवड्यातून एक-दोन वेळाच, भरपूर पाण्याने गाडी धुण्यास सांगावे. त्याचे वेतन मात्र कमी करू नये.

ज्या घरात दोन सुट्टीचे दिवस, सावलीची जागा आणि धीर आहे, तेथे हे काम स्वतः करणे शक्य आहे. बापलेकांनी मिळून केले तर चांगल्या गप्पाही होतात. ज्यांना यातील एखादी गोष्ट साधणार नाही, त्यांनी जाणकाराकडून करून घ्यावे. परंतु तयारीत काय काय केले जाईल आणि हमीत नेमके काय मोडते, हे आधी लेखी मागावे. आणि ज्यांना लेपाचा खर्चच करायचा नाही, त्यांनी केवळ कोरडा फडका सोडून दोन बादल्या धरल्या, तरी रंगाचे बरेचसे मुद्दल शाबूत राहील.