अणुकचरा पुरण्याचे शिक्षण

कुडनकुळम अणुवीज प्रकल्पाविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१३ रोजी निकाल दिला, तेव्हा प्रकल्पाचा मार्ग मोकळा झाला एवढीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहिली. त्या निकालपत्रात न्यायालयाने पंधरा सूचना केल्या होत्या आणि त्यांपैकी एक अशी होती की, वापरलेल्या इंधनासाठी भूगर्भात खोलवर भांडार लवकरात लवकर उभारले जावे. या गोष्टीला आता एक तप उलटून गेले. असे भांडार देशात अद्याप नाही. त्याबद्दल शासनाला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याहून मूलभूत असा एक प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. उद्या जागा निश्चित झाली, पैसा मंजूर झाला आणि लोकांनी संमतीही दिली, तर शेकडो मीटर खोल भुयारात हे काम करणारी, त्यावर देखरेख ठेवणारी आणि त्याची नोंद पुढील पिढीच्या हाती सोपवणारी माणसे आपल्याजवळ पुरेशी आहेत काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ सालापर्यंत १०० गिगावॅट अणुवीजक्षमता उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्या वेळच्या क्षमतेच्या दहापटीहून हे अधिक आहे. वीज वाढली की कचराही वाढणार, हे सांगायला अणुशास्त्रज्ञ लागत नाही. अणुभट्ट्या बांधणाऱ्यांची आणि चालवणाऱ्यांची चर्चा होते. मागे राहिलेला कचरा निस्तरणाऱ्यांची होत नाही. झाडलोट करणाऱ्याकडे आपला समाज ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने तो विज्ञानातील झाडलोटीकडेही पाहत आला आहे.

खडक आणि माणूस

भारतात वापरलेले अणुइंधन टाकाऊ मानले जात नाही. त्यातून प्लुटोनियम आणि उरलेले युरेनियम वेगळे काढले जाते. मागे राहणारा अत्यंत किरणोत्सर्गी द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओततात आणि ते डबे थंड होण्यासाठी खास कोठारात ठेवतात. ही विद्या आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या बळावर मिळवली आहे आणि तिची मोठी केंद्रे मुंबईतील तुर्भे व पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे, म्हणजे महाराष्ट्राच्याच भूमीवर आहेत. काचेत बंदिस्त केलेल्या सीझियमची आणि स्ट्रॉन्शियमची किरणोत्सर्गिता सुमारे तीस वर्षांनी निम्मी होते. परंतु कचऱ्यातील काही द्रव्ये फार दीर्घायुषी असतात. प्लुटोनियमच्या एका प्रकाराची किरणोत्सर्गिता निम्मी व्हायलाच चोवीस हजार वर्षे लागतात. असा ठेवा जमिनीवर ठेवून त्यावर पहारा बसवता येईल. पण पाचशे वर्षे अखंड टिकलेली राजवट इतिहासात क्वचितच सापडते. म्हणून अखेरीस तो खोल खडकाच्या स्वाधीन करावा, यावर जगातील तज्ज्ञांचे बऱ्याच अंशी एकमत झाले आहे.

फिनलंडमधील ओल्किलुओटो बेटावर असे भांडार खोदून तयार झाले आहे. तेथील खडकाचे वय पावणेदोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे. चारशे मीटरहून अधिक खोलीवर, तांब्याच्या जाड आवरणाच्या डब्यांत इंधन ठेवायचे आणि डब्याभोवती बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती भरायची, अशी योजना आहे. पाणी शिरू लागलेच तर माती फुगून त्याची वाट बंद करते. एक अडसर निकामी झाला तर दुसरा उभा राहावा, हे या रचनेचे मर्म. मात्र हे सगळे अडसर माणसाने नीट रचले तरच उपयोगी पडतात. भुयाराचे तोंड कायमचे बंद होईपर्यंतची वर्षे खडकाच्या परीक्षेची नसतात. ती माणसाच्या परीक्षेची असतात.

एका अक्षराची किंमत

या परीक्षेत माणूस कसा नापास होतो, याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले आहे. न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबाड गावाजवळ मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोल असलेले भांडार १९९९ मध्ये सुरू झाले. अण्वस्त्रांच्या कारखान्यांतील प्लुटोनियममिश्रित कचरा तेथे ठेवला जातो. फेब्रुवारी २०१४ मध्ये अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने तेथे दोन दुर्घटना घडल्या. प्रथम मीठ वाहून नेणारा ट्रक भुयारात पेटला. कामगार सुखरूप बाहेर आले, परंतु श्वसनासाठी जवळ बाळगलेले साधन ऐन वेळी लावताना त्यांतील काहींची तारांबळ उडाली. ट्रकांची निगा, आगीच्या कवायती आणि प्रशिक्षण या तिन्ही बाबतींत ढिलाई झाल्याचे चौकशीत आढळले.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. १४ फेब्रुवारीच्या रात्री भुयारातील एक पिंप आतून तापून फुटले आणि किरणोत्सर्गी कण हवेत मिसळले. ते पिंप लॉस अलामोस येथे भरले गेले होते. आतील नायट्रेट क्षारांची ओल शोषून घेण्यासाठी पाळीव मांजरांच्या मलमूत्रासाठी वापरतात तसा भुसा घातला जात असे. तो खनिजापासून बनवलेला, म्हणजे असेंद्रिय हवा होता. कार्यपद्धतीच्या कागदावर मात्र सेंद्रिय असे लिहिले गेले आणि त्याप्रमाणे गव्हापासून बनवलेला भुसा वापरण्यात आला. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की उष्णता निर्माण होऊ शकते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मराठीत सांगायचे तर केवळ ‘अ’ या एका अक्षराची ही चूक. ती लिहिणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि सही करणाऱ्याच्या नजरेतून निसटली. पिंपे भरताना फेस व धूर दिसल्याचे काही कामगारांनी सांगितले होते. पण त्यांच्या शंकेला महत्त्व दिले गेले नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही. बाधा झालेल्या वीसेक कर्मचाऱ्यांना मिळालेली मात्राही अल्प होती. तरीही भांडार जवळजवळ तीन वर्षे बंद पडले आणि साफसफाईवर कोट्यवधी डॉलर खर्च झाले. मिठाचा थर मात्र जसा होता तसाच होता. त्याने कोणताही विश्वासघात केला नव्हता.

जर्मनीतील आस्से खाणीची कथा यापेक्षा जुनी आणि अधिक खेदजनक आहे. मिठाच्या या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात ‘संशोधन’ म्हणून सुमारे सव्वा लाख पिंपे ठेवली गेली. त्यांतील कित्येक उतारावरून नुसती लोटून देण्यात आली. शेजारच्या दोन खाणी पूर्वीच पाण्याने भरल्या होत्या, हा इशारा पुरेसा होता. १९८८ पासून आस्सेमध्येही पाणी शिरू लागले. आत नेमके काय आहे याच्या नोंदीही विश्वासार्ह नव्हत्या. २००९ मध्ये तेथील प्लुटोनियमचा आकडा जवळजवळ तिप्पट करून सांगावा लागला. अखेर २०१३ मध्ये ही सारी पिंपे बाहेर काढावीत असा कायदा करण्याची पाळी जर्मन संसदेवर आली. ज्यांनी ती ठेवली ते अडाणी नव्हते. खाण चालवणे आणि भांडार चालवणे या दोन भिन्न विद्या आहेत, एवढे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. खाणीतला माणूस खडकातून माल बाहेर काढायला शिकतो. भांडारातल्या माणसाला तो आत ठेवून, पाण्याची वाट अडवून, मागे अचूक नोंद ठेवून बाहेर पडायचे असते.

भुयारातील शाळा

हा धडा युरोपातील काही राष्ट्रांनी वेळीच घेतला. स्वित्झर्लंडने आल्प्सच्या पोटात ग्रिम्सेल येथे १९८४ मध्ये भूमिगत प्रयोगशाळा सुरू केली. बेल्जियमने मोल येथील मातीच्या थरात १९८० पासूनच असे काम आरंभिले होते. स्वीडनने ऑस्कर्सहाम्नजवळ ऍस्पो येथे १९९० च्या दशकात साडेचारशे मीटर खोलीवर प्रयोगशाळा खोदली. या ठिकाणी कचरा ठेवला जात नाही. कचऱ्याची उष्णता निर्माण करणारे विजेचे तापक ठेवून खडक, पाणी आणि माती यांचे वर्तन तेथे अभ्यासले जाते. ग्रिम्सेलमधील एका प्रयोगात तापक १९९७ मध्ये सुरू केला आणि २०१५ मध्ये बंद केला. एका प्रयोगाला अठरा वर्षे! जो तरुण भूवैज्ञानिक म्हणून तो सुरू करतो, तो केस पांढरे होईपर्यंत त्याचा निष्कर्ष पाहतो आणि वाटेत दोन-तीन विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवतो. प्रयोगशाळा हीच तेथे पाठशाळा असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही २००१ मध्ये अशा भूमिगत केंद्रांचे जाळे उभारले, ते इतर देशांतील लोकांना तेथे शिकता यावे यासाठीच.

फिनलंडच्या यशाचे रहस्यही येथेच आहे. तेथील सरकारने १९८३ मध्ये कालक्रम आखला आणि २०२० च्या सुमारास कचरा पुरायला आरंभ करण्याचे ठरवले. २००४ मध्ये खोदकाम सुरू झाले. प्रत्यक्ष इंधन आणण्यापूर्वी, २०२४ मध्ये, किरणोत्सर्गी द्रव्य नसलेले डबे वापरून सगळ्या कामाची रंगीत तालीम सुरू करण्यात आली. १९८३ मध्ये तिशीत असलेला अधिकारी या तालमीच्या वेळी सत्तरी ओलांडून गेलेला होता. तरीही काम अडले नाही, कारण विद्या हातोहात पुढे गेली.

कोलारचा धडा

भारताने या वाटेवर पाऊल टाकलेच नाही असे नव्हे. १९८० च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका वापरात नसलेल्या भागात, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, तापक बसवून खडकाचे प्रयोग केले होते. ग्रिम्सेलच्या समकालीन असा तो उपक्रम होता. १९८८ मध्ये खडक-यांत्रिकीची राष्ट्रीय संस्थाही कोलारमध्येच स्थापन झाली. परंतु २००१ च्या फेब्रुवारीअखेर सोन्याची खाण बंद झाली, पाणी उपसणारे पंप थांबले आणि भुयारे पाण्याखाली गेली. प्रयोगाचे अहवाल ग्रंथालयात राहिले असतील. पण ज्या हातांनी तो प्रयोग केला त्या हातांचे कसब अहवालात उतरत नाही. पुढे २०१२ मध्ये कुडनकुळमच्या खटल्याच्या वेळी कोलारचे नाव निघताच तेथे निदर्शने झाली आणि तेथे कचरा ठेवण्याचा विचार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. लोकांशी विश्वासाने बोलू शकणारा जाणकार माणूस गावात आधी पोहोचला नाही, तर अफवा पोहोचते, हाही त्यातला धडा होय.

यावर अधिकारी वर्गाचे उत्तर ठरलेले असते. भारताचा कचरा तूर्त थोडा आहे, तो काचेत बंदिस्त आहे, त्याला थंड व्हायलाच काही दशके लागतील. तेव्हा घाई कशाला? या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. भांडाराची घाई नाही, हे मान्य करावे. परंतु त्यातूनच शिक्षणाची निकड सिद्ध होते. काच थंड व्हायला जेवढा काळ लागतो, तेवढाच काळ माणसांची एक पिढी घडायलाही लागतो. काच थंड झाल्यावर माणसे घडवायला बसलो तर आणखी एक पिढी वाट पाहावी लागेल आणि तोवर कोठारांवरील पहारा वाढवत न्यावा लागेल.

पैशाचा प्रश्नही फार मोठा नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९५७ मध्ये तुर्भे येथे प्रशिक्षण विद्यालय काढले, तेव्हा देशात एकही अणुवीज केंद्र नव्हते. तारापूरची वीज येण्यास १९६९ साल उजाडले. आधी माणसे, मग भट्ट्या, असा तो क्रम होता आणि भारताचा अणुकार्यक्रम बिकट काळातही तरला तो त्या क्रमामुळे. कचऱ्याच्या बाबतीत तोच क्रम पाळायला काय हरकत आहे? तुर्भ्याच्या विद्यालयात भूगर्भातील विल्हेवाटीची स्वतंत्र शाखा काढता येईल. धनबाद आणि नागपूर येथे खाणकामाचे अभियंते शिकतात. त्यांना भूजल आणि किरणोत्सर्ग-संरक्षण हे विषय जोडून देता येतील. झारखंडमधील जादुगुडा येथे चालू खाणीत ५५५ मीटर खोलीवर भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा २०१७ मध्ये उभी राहिली. तेव्हा खडकाच्या अभ्यासासाठी तशी एखादी जागा राखून ठेवणे अशक्य कोटीतले नाही. तेथे कचऱ्याचा कणही नेला जाणार नाही, असे लेखी आश्वासन गावकऱ्यांना आधी द्यावे आणि ते कसोशीने पाळावे.

या शिक्षणात केवळ अभियंते असून भागणार नाही. कार्यपद्धतीच्या कागदातील चुकलेले अक्षर पकडणारा कारकून, पिंपातला धूर पाहून काम थांबवण्याचे धैर्य असलेला कामगार आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणारा वरिष्ठ, हे तिघेही त्यात हवेत. कार्ल्सबाडला उणीव भासली ती या तिघांची. आपल्या कचेऱ्यांत साहेबाच्या सहीनंतर शंका काढणे म्हणजे उद्धटपणा समजतात. ही सवय टपालखात्यात चालून जाईल. भूगर्भातील भांडारात ती चालणार नाही.

आजच्या पिढीने अणुविजेचे दिवे लावले, त्याचा उपभोग घेतला. मागे राहणारी राख ती पुढील पिढ्यांकडे सोपवणारच आहे. तो भार टळणारा नाही. पण त्या राखेबरोबर ती सांभाळण्याची विद्याही सोपवायची की नाही, हे ठरवणे अजून आपल्या हाती आहे. त्यासाठी भांडार बांधून होण्याची वाट पाहावी लागत नाही. एक वर्ग, एक भुयार आणि शिकवू शकणारे काही अनुभवी लोक पुरतात. असे लोक आज सेवेत आहेत किंवा नुकतेच निवृत्त झाले आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी ते असणार नाहीत.