टायमिंग चेन वाजतेय? नुसता टेन्शनर बदलून भागत नाही

आज पिकाचं काही नाही, गाडीचं आहे. पण आपल्याकडे गाडी म्हणजे शेतीचंच अवजार. डेअरीला दुधाचे कॅन, गोठ्यावर वैरणीचा भारा, रानात खताचं पोतं, सगळं तिच्यावर. ट्रॅक्टर बंद पडला तर भाड्याने मिळतो. ऐन सुगीत गाडी उभी राहिली की घरातलं एक माणूस हेलपाट्यातच जातं.

स्प्लेंडर आणि तिच्या जातीच्या 100 सीसी गाड्यांत इंजिनाच्या डाव्या अंगाने खळखळ सुरू झाली की गावोगाव एकच इलाज: टेन्शनर टाका. खालचा बोल्ट काढायचा, नवी स्प्रिंग आणि पुशरॉड घालायचा, गिऱ्हाईक रवाना. माझं मत स्पष्ट आहे. चेन न बघता केलेलं हे काम म्हणजे पान पिवळं दिसलं की मूळ न उकरता युरिया फेकण्यासारखं आहे.

ही चेन खालच्या क्रँकवरून वर हेडमधल्या कॅमला जाते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. वॉल्व कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे तिच्यावर. वापराने तिच्या पिना झिजतात आणि ती लांबते. ढिली पडलेली चेन दाबून धरायचं काम टेन्शनरचं, पण त्याचीही हद्द असते. लांबलेल्या चेनवर नवा टेन्शनर टाकला तर आवाज थोडे दिवस दबतो, चेन मात्र तेवढीच लांब राहते. शिवाय रोलरचं रबर झिजलेलं असेल तर ते कडक होऊन तुकडे सुटतात आणि ऑइलात पडतात.

मग खरंच टेन्शनरचंच दुखणं असेल तर? असतंही. स्प्रिंग बसलेली असते, पुशरॉडच्या पोकळीतलं ऑइल निघून गेलेलं असतं. तेव्हा तेवढंच बदला, उगाच खर्च नको. पण हे ठरवायचं खूण बघून, अंदाजाने नाही.

खूण बघायला फार वेळ लागत नाही. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. मॅग्नेटच्या नटाला पाना लावून घड्याळाच्या उलट फिरवा. मॅग्नेटवरची ‘टी’ ही खूण केसिंगच्या खुणेसमोर आणा. जवळच ‘एफ’ असते, ती ठिणगीची, तिच्यावर थांबायचं नाही. आता हेडच्या डाव्या बाजूचं झाकण काढून वर बघा: कॅमच्या स्प्रॉकेटवरची ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेसमोर हवी. ती दिसलीच नाही, खालच्या बाजूला गेली असेल, तर क्रँकचा अजून एक फेरा द्या. आता खूण खाचेच्या थोडी अलीकडे थांबतेय, आणि एक दात सरकवला तर पलीकडे जातेय, म्हणजे चेन लांबलीय. तिथे नुसत्या टेन्शनरचे पैसे देऊ नका. चेन, रोलर, टेन्शनर एकदमच टाका. मॅग्नेट पुलरनेच काढायला लावा. हातोडी दिसली की गाडी ढकलत घरी आणलेली बरी.

एक दात चुकला तर काय होतं, हे बऱ्याच जणांना छोटं वाटतं. खालच्या स्प्रॉकेटला 14 दात धरा. 360 ला 14 ने भागा, सुमारे 26 अंश. पिस्टन आणि वॉल्व यांच्यात एवढी फारकत पडते. आणि गंमत बघा, ठिणगीची वेळ मॅग्नेटवरून ठरते, चेनशी तिचा संबंध नाही. त्यामुळे करंट वेळेवर येतो आणि गाडी चालूसुद्धा होऊ शकते. फक्त चढाला दम टाकते, ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून फटाके. मग लोक प्लग बदलतात, कार्बोरेटर धुतात, पेट्रोलपंपाला शिव्या देतात. दोन-तीन दात उडाले तर वॉल्व पिस्टनवर आपटून वाकूही शकतो, मग हेडच उतरवावं लागतं. म्हणून टेन्शनर बाहेर असताना किक मारायची नाही. काम झाल्यावर हाताने क्रँकचे दोन फेरे देऊन खुणा परत बघायच्या, टॅपेटचं अंतर फिलर गेजने थंड इंजिनावर लावायचं, आणि मगच किक. खुणांचा मोबाईलवर फोटो मागा. चांगला मिस्त्री कौतुकाने दाखवतो.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. "कमीत भागव" म्हणणारं गिऱ्हाईक रोज दारात असतं. आणि चेन लवकर जाण्यामागे ऑइल आहे. या गाड्यांत ऑइल जेमतेम लिटरभर. इंजिन, क्लच, गेअर, चेन सगळ्यांना तेवढंच. आपण ते बदलतो किलोमीटर बघून. पण कॅन लादून पाणंदीतून दुसऱ्या गेअरात जाणारी गाडी टॉप गेअरच्या मानाने दर किलोमीटरला जवळपास दुप्पट फेरे मारते, तेही हळू वेगात, वारा न लागता. मीटर कमी दाखवतो, ऑइल मात्र केव्हाच म्हातारं झालेलं असतं. ट्रॅक्टरची सर्व्हिस आपण तासांवर करतो, मग रानात राबणाऱ्या गाडीला डांबरी रस्त्याचा हिशोब का? डेअरीच्या गाडीचं ऑइल कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावरच बदलावं, असं माझं मत. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं ऑइल ओतू नका, आपला क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो. डब्यावर ‘4टी’ आणि ‘जासो एमए’ बघून घ्या.

सकाळी थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभर कान द्या. वर हेडमधून बारीक, एकसारखी टिकटिक म्हणजे बहुधा टॅपेट. डाव्या अंगाची खळखळ, ॲक्सिलेटर दिल्यावर दबणारी आणि सोडल्यावर परत येणारी, म्हणजे चेन. कुणाच्या गाडीत ‘ओ’ खूण खाचेसमोर बसत नसेल तर फोटो टाका, गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा, बघू.